हात दाखवून अवलक्षण

पुणे-सातारा रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात मोटारसायकलवरून आलेला माणूस ओळखायला हेल्मेट बघावं लागत नाही. तो गाडी स्टँडला लावतो, दोन पावलं चालतो आणि हात झटकायला लागतो. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही एकदम. नवख्याला वाटतं, बेसिनपाशी टॉवेल नसेल. जाणत्याला कळतं की गृहस्थ स्वतः पोचलेत, त्यांचे हात अजून कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडायचेत.

शिरवळला मी असाच हात झटकत उभा होतो, तर वेटर धावत आला.

"बोला साहेब."

"मी बोलावलं नाही."

"हात केला ना?"

"हात केला नाही, झटकला. मुंग्या आल्यात."

त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं. "मुंग्या? आत्ताच फडकं मारलंय साहेब."

मिसळ आली. चमचा उचलला आहे अशा समजुतीनं मी हात तोंडापर्यंत नेला. चमचा ताटातच होता. शेजारच्या टेबलावरच्या छोट्या मुलीनं हे बघितलं आणि ती आईला म्हणाली, "ते काका हवा खातायत." नंतर पैसे देताना फोनवर पिन दाबली, ती चुकली. परत दाबली, परत चुकली. बधिर अंगठ्याला आकडा कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो हे कळत नाही. गल्ल्यावरच्या मालकानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर महिनाअखेरीला ओळखीची असते.

गाडीचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की त्या गाडीचे भक्त रविवारी सकाळी सहा वाजता गडगडाट करत दाराशी येतात, आणि त्यातला एक तरी आमच्याच सोसायटीत राहतो. एवढं सांगतो की सिलिंडर एक आहे, वजन भरपूर आहे आणि घडण जुनी आहे. विकणाऱ्यानं किक मारली तेव्हा शोरूमच्या काचा थरथरल्या होत्या आणि तो छाती काढून म्हणाला होता, "बघा! जिवंत गाडी." दोन जिवांच्या या संसारात एकाला बधिर व्हावं लागतं, हे माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं.

60 पर्यंत ती गुणी असते. 70 ला हँडल कुजबुजायला लागतं. 80 ला पिठाच्या चालू गिरणीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसल्यासारखं वाटतं. आरशात मागून येणारा ट्रक कधी एकटा येत नाही, दोन भाऊ बरोबर घेऊन येतो, आणि तिघांपैकी कुणाला वाट द्यायची हा प्रश्न पडतो. मागे बसलेल्या बायकोचे पाय फूटरेस्टवर नाचत असतात. ती काहीतरी सांगत असते, पण शब्द थरथरत तुटत येतात. "ह-ह-हळू" यातलं मला "हं-हं" एवढंच ऐकू येतं, आणि मी रेस वाढवतो.

हे का होतं, याचा मी खोलात जाऊन अभ्यास केला. बधिर माणसाला वाचनाला वेळ मिळतो. इंजिनातला पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो. 80 च्या वेगाला माझ्या गाडीत हे मिनिटाला चार हजारांच्या आसपास वेळा चालतं, म्हणजे सेकंदाला 66 वेळा. प्रत्येक थांबण्याचा धक्का पिस्टन इंजिनाला देतो, इंजिन फ्रेमला, फ्रेम हँडलला आणि हँडल मला. मी पुढे कुणाला देऊ शकत नाही, कारण साखळी माझ्यापाशी संपते. त्यात इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो.

यावर उपाय म्हणून क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवतात. पण पूर्ण भरपाई होईल एवढं वजन ठेवलं, तर वरखाली बसणारा धक्का बंद होऊन पुढेमागे बसायला लागतो. म्हणून कारखान्यातले लोक निम्मं इकडे, निम्मं तिकडे अशी तडजोड करतात आणि उरलेलं गिऱ्हाइकाला देतात. खरा इलाज म्हणजे क्रँकच्या उलट्या दिशेनं फिरणारा एक बॅलन्सर शाफ्ट. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियरनं उलटे फिरणारे शाफ्ट लावून इंजिनाला शांत करायची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढली होती. त्याच्या मोटारी चार चाकांच्या होत्या, पण युक्ती पुढे दुचाकीतही आली. ज्यांच्या गाडीत असा शाफ्ट आहे त्यांचे हात शाबूत असतात. आम्ही जुन्या घडणीचे लोक त्यांना म्हणतो, "तुमच्या गाडीत मजा नाही राव." हे म्हणताना आम्ही हात पाठीमागे नेऊन हळूच झटकत असतो.

बायकोनं पहिल्याच दिवशी निदान केलं होतं. "अहो, एवढं घट्ट कशाला धरता? कुणी हँडल पळवून नेतंय का?" मी हसून सोडून दिलं. इंजिनियरिंगचा विषय, त्यात हे काय? मी सरळ मेकॅनिककडे गेलो.

मेकॅनिकनं विचारलं, "वायब्रेशन कुठं येतंय?"

"हातात."

"हातात म्हणजे हँडलला का हाताला?"

"हँडलमधून हाताला."

"मंग हँडलला म्हणा की साहेब."

तो गाडी घेऊन चक्कर मारायला गेला. आमच्या मेकॅनिकचं गॅरेज ज्या गल्लीत आहे तिथे एक शाळा, दोन खड्डे, एक मांडव आणि कायम रस्त्याच्या मधोमध झोपणारी एक गाय आहे. या गल्लीत 20 च्या पुढे गेलेलं वाहन कुणी बघितलेलं नाही. तो कोपऱ्यापर्यंत गेला, गायीला वळसा घालून परत आला आणि म्हणाला, "काहीच नाही साहेब. मक्खन."

"अहो, 80 ला येतं ते."

"80 ला चालवूच नका ना साहेब. मायलेज पण चांगलं मिळेल."

तरी त्यानं प्रेमानं सगळं बघितलं. इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट आवळले. ते खरोखर ढिले होते आणि तेवढ्यानं चार आणे फरकही पडला. टॅपेट सेट केले. चाकात हवा बघितली. कोनसेट हलवून बघितला. चेन ढिली आहे म्हणून ताणली, आणि एवढी ताणली की तीवर कपडे वाळत घालता आले असते. चेनला साधारण इंचभर हालचाल ठेवावी लागते, हे मी त्याला सांगितलं. त्यावर त्यानं स्पॅनर माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "घ्या. तुम्हीच करा." पुण्यात मेकॅनिकला सल्ला देण्याचा हा दर ठरलेला आहे.

मग मी नाना पेठेत गेलो. दुचाकीचा असा कुठला भाग नाही जो नाना पेठेत मिळत नाही, आणि असा कुठला दुकानदार नाही ज्याला तुमच्या गाडीचं तुमच्यापेक्षा जास्त कळत नाही. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवून दुखणं सांगितलं. त्यानं हातांकडे न बघता मागच्या फळीकडे बघितलं.

"फोम ग्रिप घ्या. सगळे घेतात."

फोमच्या ग्रिपा मऊ असतात यात वाद नाही. पण त्या जाड असतात. जाड गोष्ट पकडायला जास्त जोर लागतो, आणि आमच्या घराण्यात हात लहान. आधी फक्त बोटं बधिर होत, आता कोपरापर्यंत गोळे येऊ लागले. त्यात जून उजाडला. फोम पाणी पितो. वरंध घाटात क्लच दाबला की ग्रिपमधून पाणी निघून रेनकोटच्या बाहीतून थेट काखेत जायचं, आणि प्रत्येक गिअरला माझी एक छोटी आंघोळ व्हायची. घाटात गिअर फार बदलावे लागतात.

दुकानदारानं ग्रिपा परत घेतल्या नाहीत, पण समजूत घातली. "मग तुम्ही बार-एंड वेट लावा. हँडलच्या टोकाला जड लोखंड. थरथर तिथंच गार." हे शास्त्राला धरून होतं. कुठल्याही दांडीची थरथरण्याची एक ठरलेली आवडती चाल असते. इंजिनाची चाल तिच्याशी जुळली की दांडी बेभान होते. टोकाला वजन वाढवलं की दांडीची आवडती चाल खाली सरकते. मी भरभक्कम वजनं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी 80 ला हँडल शांत. मी हेल्मेटच्या आत शीळ घातली. पण चाल "खाली सरकते" म्हणजे कुठे सरकते, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं. ती 65 वर येऊन बसली होती. आता या रस्त्यावर 80 ला जायची संधी किती मिळते आणि 65 ला किती रखडावं लागतं, हे ज्यांनी वळणरस्त्याच्या पाट्या बघितल्यात त्यांना सांगायला नको. रोग गेला नव्हता, राहायला माझ्या जवळ आला होता.

तिसऱ्या फेरीत दुकानदारानं जेलचे हातमोजे काढले. तळव्यात जेलची गादी असलेले. तोपर्यंत तो मला "या" म्हणायला लागला होता आणि चहा मागवत होता. गिऱ्हाइकाच्या हातापेक्षा त्याच्या खिशाची नाडी जास्त चांगली लागते, हे व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही. मोजे चांगले होते. फक्त त्यातली गादी जिथे हवी तिथून बोटभर सरकलेली होती, आणि तिची कडक शिवण नेमकी तळव्याच्या टाचेवर, करंगळीच्या बाजूला, रुतायची. तिथूनच करंगळीकडे जाणारी नस जाते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे जो दाब आजवर हँडल ढोबळपणे देत होतं, तो आता मी पैसे मोजून अचूक ठिकाणी देत होतो.

एव्हाना सोसायटीत बातमी पसरली होती. मराठी माणसाला शेजाऱ्याच्या पगाराइतकाच त्याच्या दुखण्यात रस असतो, आणि दुखण्याबद्दल उघड विचारता येतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले.

"बी-ट्वेल्व्ह केलंस का?"

"काका, गाडीमुळे होतंय."

"गाडी निमित्त असते रे. माझ्या साडूलाही असंच वाटलं होतं, स्कूटरमुळे होतंय म्हणून."

"मग?"

"स्कूटर विकली. पुढे मानेचं निघालं. स्कूटर गेली ती गेलीच."

काकांच्या प्रत्येक गोष्टीत एक साडू असतो आणि शेवटी त्याचं काहीतरी जातं. काकूंच्या मते हा वात होता. त्यांनी तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांगितलं. चोळलं. रात्री हात छान हलके झाले, सकाळी ऑफिसला जाताना रेस देता येईना. मूठ फिरायची, ग्रिप जागेवरच. चांदणी चौकात सिग्नल हिरवा झाला तेव्हा मी इंचभरही पुढे न जाता फक्त मनगट हलवत होतो. मागच्या रिक्षावाल्यानं जे उद्गार काढले त्यात तिळाचा उल्लेख नव्हता.

तळमजल्यावरच्या निवृत्त ओव्हरसियरनी तोडगा सांगितला तो जबरदस्त होता. "हँडल पोकळ असतं. वाळू भरा. पोकळी गेली की थरथर गेली." सल्ला अगदीच अडाणी नाही. परदेशातले लोक हँडलात शिशाचे छर्रे भरतात. पण वाळू आणायची कुठून? आपल्याकडे वाळू हा बांधकामाचा विषय राहिलेला नाही, तो महसूल खात्याचा आणि रात्री दोनच्या ट्रकचा विषय आहे. समोर इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या ढिगातून दोन मुठी वाळू घेताना वॉचमननं पकडलं.

"काय करताय?"

"हँडलमधे भरायचीय."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "घ्या. अजून घ्या." वेड्याच्या मागे लागू नये, हे त्याला नोकरीत शिकवलं असावं. वाळू हँडलात गेली, आणि महिन्याभरात तिथून वाट काढत रेसच्या नळीत आली. रेस फिरवली की कर्रर्र. सोडली की परत यायची नाही. बधिर हात मी आजवर सोसत आलो होतो, पण आपण होऊन जोरात पळणारी गाडी सोसवेना. नळी काढून धुतली. वाळू अजून अधूनमधून बुटात सापडते.

शेवटी डॉक्टर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नेमकी कुठली बोटं?"

"डॉक्टर, बधिर असतात तेव्हा कसं कळणार?"

हा विनोद त्यांना रोज ऐकावा लागत असावा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर एक नस, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर दुसरी, असं त्यांनी समजावलं. करंगळीची भानगड सायकलवाल्यांनाही होते, कारण तेही तळव्याच्या टाचेवर भार टाकून बसतात. मग त्यांनी मनगटावर टकटक केलं आणि एक परीक्षा घेतली. दोन्ही हातांची मागची बाजू एकमेकींना चिकटवायची, बोटं खाली, कोपर बाहेर, आणि मिनिटभर तसंच थांबायचं. सरळ सांगायचं तर उलटा नमस्कार. मी डोळे मिटून उलटा नमस्कार करत असताना कंपाउंडरनं दार उघडलं. बाहेर बसलेल्या आजींनी आत बघितलं आणि चपला घालून निघून गेल्या.

"मोटारसायकल बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"ते सोडून काही?"

"कमी करा."

"ते सोडून?"

त्यांनी नसांच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. त्यात हाताला बारीक बारीक विजेचे झटके देऊन नस किती वेगानं निरोप पोचवते ते मोजतात. हातातल्या झिणझिण्या जाव्यात म्हणून हाताला करंट लावून घेण्यात काही तरी तत्त्वज्ञान असावं. माझ्या नसा ठीक निघाल्या. साखर ठीक, थायरॉइड ठीक. बी-ट्वेल्व्ह मात्र कमी निघालं. काकांना ही बातमी कुणी दिली ते माहीत नाही, पण त्यांनी त्या दिवशी जिन्यात मला अडवून पेढा मागितला.

आपलं दुखणं क्षुल्लक ठरतंय हे बघून माणूस इतिहासाचा आधार घेतो. मी बायकोला सांगितलं, "हे हसण्यावारी नेऊ नको. 1918 साली अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला, ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरबाईंनी दगड फोडणाऱ्या कामगारांची पाहणी केली होती. हवेवर चालणारे हातोडे धरून त्यांची बोटं बधिर व्हायची, थंडीत पांढरीफटक पडायची. युरोपात तर 2002 पासून कायदा आहे. कामगाराच्या हाताला आठ तासांत किती थरथर बसली तर मालकानं हालचाल करायची आणि किती झाली की थांबवायचंच, याचे आकडे ठरलेत."

बायको भाजी निवडत होती. "ते लोक पोटासाठी दगड फोडत होते," ती म्हणाली. "तुम्ही मिसळ खायला शिरवळला जाता."

या विधानाला युरोपच्या कायद्यात उत्तर नाही.

फोनचं मात्र नशीब बघा. ॲपलनं 2021 साली जाहीर पत्रक काढून सांगितलं की ताकदवान इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन थेट लावू नका, थरथरीनं कॅमेरा बिघडू शकतो. फोनच्या डोळ्याची एवढी काळजी. त्याच हँडलला वर्षानुवर्षं जोडलेल्या माझ्या दहा बोटांसाठी कुणी अर्धं पानही छापलेलं नाही.

आमचा रविवारचा ग्रुप आहे. पहाटे निघायचं, नाश्त्यापुरतं ताम्हिणी किंवा वाई करायचं, आणि दुपारी जेवायला घरी येऊन झोपायचं. यात लडाख करून आलेले दोघं आहेत. ते बोलले की बाकीचे चहा खाली ठेवतात. मी एकदा धीर करून विचारलं, "तुमचे हात बधिर होतात का हो?"

"छे!" एकजण म्हणाला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला होता.

"आपल्याला कधीच नाही," दुसरा म्हणाला, आणि बशी फुटली.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. सगळा ग्रुप गुपचूप हात झटकत होता. त्यातल्या त्यात एकानं, ज्याची गाडी आमच्यात सगळ्यात स्वस्त आणि म्हणून मत सगळ्यात कमी किमतीचं, काही कामाचं सांगितलं. क्लच-ब्रेकच्या लेव्हर थोड्या खाली फिरवून घे, म्हणजे मनगट मुडपत नाही, हात कोपरापासून बोटांपर्यंत सरळ राहतो. टाकी गुडघ्यांनी धर, म्हणजे अंगाचा भार हातांवर येत नाही. यासाठी एक पाना लागतो आणि दहा मिनिटं. मी ऐकलं आणि विसरलो. ज्या उपायाला बिल नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवणार? त्यापेक्षा मी परदेशी ग्रिपांच्या किमती बघत बसलो.

मग कुणीतरी फिजिओथेरपिस्टचं नाव सांगितलं. तिथे वातानुकूलित खोली, भिंतीवर हाताचा रंगीत नकाशा, आणि मला एका स्टुलावर बसवून हातात आडवी काठी दिली. "समजा हे हँडल आहे. धरा." मी धरलं. त्या बाईंनी माझ्या मुठीकडे बघितलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"एवढं घट्ट कशाला धरता?"

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं.

मूठ जितकी आवळावी तितकी थरथर हातात जास्त शिरते, नस दाबली जाते आणि बोटांना रक्तही कमी मिळतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. कोपर किंचित वाकलेलं, खांदे खाली, मूठ सैल, तासाभरानं थांबायचं, थंडीत हात गरम ठेवायचे. आठशे रुपये. मी भारावून घरी आलो आणि बायकोला एकेक मुद्दा समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"फी किती?"

"आठशे."

"पुढच्या महिन्यापासून मीही दारावर पाटी लावते," ती म्हणाली, आणि खरंच कॅलेंडरवर 'आठशे येणे' असं लिहून ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

मूठ सैल सोडली आणि फरक पडला, हे मान्य करायला हवं. लेव्हरही खाली फिरवल्या, वजनं हलकी बसवली. पण सैल मुठीनं महाराष्ट्रात किती वेळ गाडी चालवता येते? मूठ सैल सोडावी तर पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर येतो. परत सैल सोडावी तर साताऱ्याच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, गाण्यांचा आवाज मात्र पंढरपूरपर्यंत. तो संपतो तर समोरून उलट्या बाजूनं कुणीतरी शांतपणे येतो आणि आपल्यालाच "दिसत नाही का?" विचारतो. अशा वेळी हँडल आवळू नका हे सांगायला फिजिओथेरपिस्टला मागे बसवून न्यावं लागेल. मागची जागा रिकामी नाही, आणि तिथून तोच सल्ला फुकट मिळतो.

तासाभरानं थांबण्याचा नियम मात्र मी कसोशीनं पाळतो. थांबलं की चहा घ्यावाच लागतो, नाहीतर टपरीवाला गाडी सावलीत लावू देत नाही. कोल्हापूर गाठेपर्यंत हात ताजेतवाने असतात आणि पित्त खवळलेलं असतं. काका म्हणतात, त्यांच्या साडूचंही सुरुवातीला पित्तच होतं.

तर वाचकहो, पुढील वस्तू मिळेल त्या भावात देणे आहे. फोमच्या ग्रिपांची जोडी, उन्हाळ्यात उत्तम. बार-एंड वेट, जड, 65 च्या वेगानं जायचं नसेल त्यांच्यासाठी. जेलचे हातमोजे, करंगळी नको असलेल्यांनी प्राधान्यानं विचारावं. तिळाचं तेल, पाऊण बाटली. वाळू, अंदाजे दोन मुठी, महसूल भरलेला नाही. संध्याकाळी सातनंतर यावं, घासाघीस बायकोशी करावी. गाडी विकायची नाही. त्याबद्दल कुणी फोन करू नये.